एस्पेरामोस

—नाही हो महालिंगराव, तुमच्या मुलीची पत्रिका उत्तमच आहे, जुळण्याचा प्रश्नच नाही. प्रश्न क्रियापदाचा आहे. बसा, कॉफी घ्या. पापनाशमहून एवढे आलात, ऐकूनच जा. चाळीस वर्षं संस्कृत शिकवलं मी या कुंभकोणात, धातू मला घाबरतात — पण हा स्पॅनिश धातू, एस्पेरार — यानं तीन आठवडे माझं डोकं खाल्लं. आमचा कल्याणराम चोपन्न साली जहाजावर तारायंत्र चालवायला गेला आणि आर्जेंटिनात उतरून राहिला, हे तुम्हांस ठाऊकच आहे. तिथून पत्र आलं. त्याचं नव्हे — एका बाईचं. घरमालकीण असेल, असं मी आमच्या हिला, भवानीला, सांगून टाकलं, आणि चर्चमधल्या म्हाताऱ्या पाद्रीबाबांकडून शब्दकोश आणला. एस्पेरार म्हणजे वाट पाहणे. सोपं! पण तोच आशा करणे. तोच अपेक्षा ठेवणे. मग ओळखायचं कसं? व्याकरणावरून! माणसाची वाट पाहायची तर त्याच्याआधी एक 'आ' लावायचा. आशा करायची तर 'के' येतो, आणि पुढचं क्रियापद रूप बदलतं — 'बिएने' म्हणजे येतो, पण आशेत ते चालत नाही, 'बेंगा' म्हणायचं — यावा. आपल्यासारखंच की! येतो वेगळं, यावा वेगळं. तीन वर्षं आम्ही दोघं चुकीचंच रूप वापरत होतो — येतो, येतो म्हणत.

असो. पण पत्रात 'आ' नाही, 'के' नाही. नुसतं 'एस्पेरामोस उन इहो'. आम्ही वाट पाहतो — मुलगा? कुठला मुलगा? मला वाटलं, आमचाच. बाईचं व्याकरण कच्चं. पाद्रीबाबांना तसं म्हणालोही. त्यांनी चष्मा पुसून पत्र पुन्हा वाचलं. मग म्हणाले, गुरुमूर्ती, व्याकरण बरोबर आहे. 'आ' नसला की चौथा अर्थ होतो. आणि 'आम्ही' म्हणजे ती आणि — म्हणजे — मूल होणार आहे हो त्यांना. म्हणून म्हटलं, पत्रिका—

भवानी! तू कधीची उभी आहेस दारात?

...नाही, घरमालकीण नाही.

...सून. हो.

...सातवा. तसं लिहिलंय.

...सातव्या महिन्यात सुनेला भरायच्या त्या बांगड्या? अगं, काचेच्या बांगड्या जहाजानं तिथवर जाईपर्यंत — बरं, बरं. पण तिच्या मनगटाचं माप मला कसं ठाऊक असणार? विचारतो. आजच लिहितो. माप या शब्दाला तिकडे काय म्हणतात ते आधी बघू दे.

महालिंगराव, तुम्ही निघा आता.