साठ डाव्या बाह्या

…आणि वर म्हणतात, घाबरू नका! तुम्हीच सांगा, औषधाच्या खोक्यातून एक कागद निघतो, घडीत घडी, घडीत घडी, उलगडत गेलं तर उशीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो. मी मोजला, बावन्न सेंटीमीटर! दोन्ही बाजूंनी मुंगीएवढी अक्षरं, आणि त्यात औषधाचा फायदा किती? दोन ओळी! बाकी सगळी यादी… अंगातून गरम वाफा, घाम, झोप उडणं, चिडचिड, रडू, सांधेदुखी, विसराळूपणा, आणि सगळ्यात शेवटी, जाता जाता सांगितल्यासारखं, हाडं ठिसूळ होऊ शकतात. आता ठिसूळ म्हणजे किती? बिस्किटाएवढी की खडूएवढी? ते नाही लिहिलेलं. फक्त एवढंच, काही शंका असल्यास डॉक्टरांना विचारा.

मला मोजायची सवय आहे हो. कपडे शिवायच्या कारखान्यात कापायच्या टेबलावर एकोणीस वर्षं काढलीत मी. तिथं मला सगळे मोजपट्टी म्हणतात. आणि घरी वही. रोजची. काय केलं, किती वाजता केलं, किती दुखलं, सगळं त्यात. कोणी शिकवलं नाही, आपलं आपणच सुरू केलं, कारण वीस वर्षं मी ज्याला त्याला सांगत होते की पाळीत माझं फार दुखतं, आणि ज्याला त्याला एकच उत्तर पाठ. "अगं, सगळ्यांचंच दुखतं." म्हटलं बरं, मग लिहूनच ठेवू या, सगळ्यांचं किती आणि माझं किती!

शेवटी चव्वेचाळिसाव्या वर्षी टेबलापाशीच चक्कर येऊन पडले, तेव्हा कुठं सोनोग्राफी झाली. डॉक्टरबाई पडद्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "ताई, गर्भाशयाच्या आतलं अस्तर असतं ना, तसलंच अस्तर तुमच्या पोटात बाहेर वाढलंय. दर महिन्याला तेही सुजतं, त्यातूनही रक्त जातं. अंडाशयावर गाठ आहे त्याचीच." मी म्हटलं, "अहो, जन्मभर मी अस्तर कापलं, ते कोटाच्या आत राहतं!" त्या हसल्या. मी नाही हसले. त्या म्हणाल्या, "महिन्याला एक इंजेक्शन, अशी सहा. शरीरातलं हार्मोन बंद पडेल, पाळी थांबेल, दुखणं थांबेल, गाठीला खुराक मिळणार नाही. आणि त्याच्याबरोबर ही बारकी गोळी, रोज एक. घाबरू नका."

घाबरू नका, म्हणे!

पहिल्या इंजेक्शनानंतर तीन आठवड्यांनी दुखणं खरंच थांबलं. म्हणजे इतकं थांबलं की मीच बावरले, घरात रोज ओरडणारं माणूस एकदम गप्प बसलं की कसं वाटतं, तसं. आणि मग सुरू झाल्या वाफा. कशा सांगू? आधी कान. मग मान. मग कोणीतरी आतून शेगडी पेटवल्यासारखं छातीपासून डोक्यापर्यंत भस्सकन! अडीच मिनिटं. मी घड्याळ लावून बघितलंय. दिवसाला अकरा वेळा. मी खिडक्या उघडते, आमचे हे बंद करतात. मी पंखा लावते, हे शाल घेतात. परवा स्वेटर, कानटोपी, वर शाल, असे सोफ्यावर बसले होते आणि म्हणतात कसे, "अगं, तू म्हणशील तसं. मला काही थंडी वाजत नाहीये." दात वाजत होते हो त्यांचे! आणि मला त्याचंच रडू आलं. हमसून हमसून. त्याआधी मी बरणीचं झाकण उघडलं नाही म्हणून रडले होते. आणि मग उघडलं म्हणून.

पण वाफांचं काय एवढं! खरी भीती वेगळीच. कारखान्यात शर्ट कापायचे होते, पहारेकऱ्यांचे. आता बघा, कापड आम्ही एकावर एक साठ थर अंथरतो, आणि बाही कापायची असली की एक थर सुलटा, त्यावर उलटा, असं तोंडाला तोंड लावून अंथरायचं. मग एकाच कागदी खाक्यावरून तीस डाव्या आणि तीस उजव्या आपोआप निघतात. हे मला झोपेतसुद्धा येतं. नवीन बायकांना मीच शिकवते! आणि त्या दिवशी मी साठच्या साठ थर सुलटे अंथरले. कापले. गठ्ठा बांधला. वर चिठ्ठी लावली. आमच्या टेबलावर देखरेख करणारे मास्तर आले, त्यांनी एक बाही उचलली, दुसरी उचलली, तिसरी उचलली, चष्मा वर केला.

"मोजपट्टी, या कोणाच्या गं?"

"पहारेकऱ्यांच्या."

"सगळ्यांना डावाच हात आहे का?"

सगळा हॉल हसला. मीही हसले. हसावंच लागतं. वहीत लिहिलं, साठ डाव्या बाह्या, आणि खाली रेघ मारली.

पण आणखी एक गोष्ट आहे, ती मी कोणालाच सांगितली नव्हती, तुम्हाला सांगते. आमचं कापायचं यंत्र उभ्या पात्याचं असतं, साठ थरांतून लोण्यासारखं जातं. म्हणून डाव्या हातात तारेच्या जाळीचा हातमोजा घालायचा, एकोणीस वर्षांत मी तो एकदाही विसरले नाही. त्याच आठवड्यात यंत्र चालू, मी वळणावर, आणि कान तापले, मान तापली, भस्सकन… आणि पुढच्या क्षणी बघते तर हातमोजा कापडावर पडलेला! माझा उघडा पंजा पात्यापासून चार बोटं लांब! मी तो केव्हा काढला? का काढला? काही, काही आठवत नाही. यंत्र बंद केलं, पंजा पोटाशी धरला आणि बोटं मोजली. पाच आहेत हे दिसत होतं, तरी तीनदा मोजली. आणि हे फक्त वहीत लिहिलं.

घाबरू नका, म्हणे!

आता तुम्ही म्हणाल, सांगायचं ना कोणाला तरी. सांगू कोणाला? मास्तरांना सांगितलं तर टेबल गेलं. ह्यांना सांगितलं तर मी उद्यापासून घरात. आणि डॉक्टरबाईंना… त्यांच्यावर तर माझा विश्वासच उडाला होता. का म्हणून काय विचारता? मी त्यांची चूक पकडली होती! हो! मी तो बावन्न सेंटीमीटरचा कागद वाचला, मग त्या बारक्या गोळीचा कागद वाचला, दोन्ही शेजारी शेजारी ठेवले. इंजेक्शन कशासाठी? हार्मोन बंद करायला. आणि गोळीत काय? हार्मोन! म्हणजे एका हातानं नळ बंद करायचा आणि दुसऱ्या हातानं बादली ओतायची? बाईंकडे गर्दी असते, होतं एखाद्या वेळी. मी आपली कोणाला दोष न देता पाचव्या दिवशी गोळी बंद केली आणि डबीत घालून कपाटात ठेवली; बाईंची ही चूक ह्यांना तेवढी सांगितली. दुसऱ्या इंजेक्शनाला सिस्टरनं विचारलंसुद्धा, "गोळ्या व्यवस्थित?" मी म्हटलं, "अगदी व्यवस्थित." होत्याच की, डबीत!

मग आला तिसऱ्या इंजेक्शनाचा दिवस. मी ठरवून गेले होते, घ्यायचं नाही. पण तुम्हाला खरं सांगते, दवाखान्याच्या बाकावर बसले आणि दोन्हीकडून भीती. घेतलं तर एक दिवस बोट जाईल. नाही घेतलं तर ते दुखणं परत येईल, ज्यात मी न्हाणीघराच्या फरशीवर गाल टेकवून पडायचे, कारण जगात तेवढीच एक वस्तू थंड होती. कुठली भीती निवडायची, सांगा! हे शेजारी बसून माझी पर्स धरून होते, दोन्ही हातांनी, जणू तीच आजारी आहे.

आत गेले. वही पुढं ठेवली. डॉक्टरबाई वाचायला लागल्या. आधी हसऱ्या होत्या. मग हातमोज्याच्या पानावर थांबल्या. ह्यांनी वाकून तेच पान वाचलं. बाईंनी चष्मा काढला.

"ताई, दिवसाला अकरा वाफा? गोळी घेऊनही?"

मी वहीचं पान उलटलं.

"गोळी घेताय ना?"

आमचे हे आयुष्यात कधी मध्ये बोलत नाहीत, नेमके तेव्हाच बोलले. "नाही हो, ती तिनं तुमची चूक होती म्हणून बंद केली."

झालं! मला त्या दिवसातली चौथी वाफ तिथंच आली, ती औषधाची की लाजेची, वहीत काय लिहू? बाईंनी वही मिटली. मग हळू आवाजात म्हणाल्या, "ताई, इंजेक्शननं त्या अस्तराची उपासमार करायची. पण तुमची हाडं, तुमचं डोकं, तेही उपाशी मरायला लागतं. म्हणून ही गोळी. हाडांना पुरेल एवढाच घास, आजाराला पुरणार नाही एवढाच. तुम्ही दोन महिने ढालीशिवाय लढलात."

"म्हणजे मला वेड लागत नव्हतं?"

"नाही."

"साठ डाव्या बाह्या?"

"झोप नाही, वाफा चालू, होतं असं. पण हाडंही दोन महिने उपाशी होती, आपण त्यांचीही तपासणी करू. आणि गोळीचा फरक पडायला दोन-तीन आठवडे लागतील. तोवर त्या यंत्राला हात लावायचा नाही. मास्तरांना सांगायचं. सगळं."

तुम्हाला सांगते, इंजेक्शन घेतलं. दंडात सुई गेली तेव्हा मी ह्यांचा हात इतका घट्ट धरला की ठिसूळ हाडं कोणाची हाच प्रश्न पडावा. वाटभर हे एकच वाक्य बोलले. "चार बोटं लांब, आणि मला सांगितलं नाहीस."

दुसऱ्या दिवशी मास्तरांपुढं उभी राहिले. हातमोज्याचं सांगितलं. मग म्हटलं, "त्याचं असं आहे मास्तर, माझं जे गर्भाशय आहे ना…" मास्तर कानाच्या पाळीपर्यंत लाल! "कळलं, कळलं, पुढचं नको! बस बटणांच्या टेबलावर!" हातमोजा मात्र त्यांनी स्वतः उचलला, माझ्या खुंटीवर अडकवला आणि म्हणाले, "दुसऱ्या कोणाला देत नाही." बसलेय तेव्हापासून बटणं मोजत. गोळी घेतेय, नेमानं. वाफा अकराच्या सहावर आल्यात.

काल हाडांचा रिपोर्ट घ्यायला गेले, बरा आहे, काठावर, पण बरा. निघता निघता डॉक्टरबाई म्हणाल्या, "काही शंका?" मी म्हटलं, "एकच. सहा इंजेक्शनं झाली की हे सगळं संपेल ना? वाफा, रडणं, विसरणं?"

"संपेल की. हार्मोन परत सुरू होईल. घाबरू नका."

"मग पुढं?"

"मग काय, चार-पाच वर्षांत तुमची पाळी आपोआप जाईलच. तेव्हा येईल थोडंफार असंच."

म्हणजे कळलं ना तुम्हाला? हे जे मी सोसतेय ते खरं नव्हेच! ही नुसती रंगीत तालीम… नाटक अजून व्हायचंय!