चारच्या आत एकच नाव

"हॅलो? … हॅलो, दीपिका? … हो, हो, येते आयकू. थांब, मिक्सर बंद करते… हां, बोल आता. पोरी बऱ्या हाय न? … काय? चारच्या आत? … तुमचे चार का आमचे? … तुमचे. म्हंजे इथले अडीच. अन् आता झाले दोन वाजून दहा! अवं बाई, मंग सकाळपासून काय करून राह्यली होतीस?"

थायलंडहून दीपिका बोलत होती. भारताच्या ज्युनियर मुलींच्या बास्केटबॉल संघाची ती मॅनेजर, आणि इकडं फोन धरून उभ्या असलेल्या भागीरथाबरोबर वीस वर्षांपूर्वी एकाच संघात खेळलेली. काल तिच्या पोरींनी आशियाई स्पर्धेत तिसरा नंबर मिळवला होता. त्यातल्या दोघी मूल गावात, भागीरथा खेळ शिकवते त्या शाळेच्या मैदानावर तयार झालेल्या. एक भागीरथाची पोटची पोर, आचल. दुसरी मंगली, धानोऱ्याकडच्या जंगलातल्या गावाहून आलेली, चार वर्षं भागीरथाच्याच घरी राहिलेली.

"हो, समजलं. परत्येक टीमनं एकच नाव द्यायचं, त्याले वैयक्तिक बक्षीस. … मंग आचलचं देऊन टाक न! सगळ्यात जास्त पॉइंट तिचेच हाय. कालचेच सत्तावीस. … मंग अडलं कुठी?"

अंगणात तिचा नवरा शालिकराम तलावात मासे धरायचं जाळं शिवत बसला होता. 'बक्षीस' ऐकल्याबरोबर त्याचे हात थांबले. सकाळी बाजारात त्यानं पाच-पन्नास जणांना सांगून टाकलं होतं की आता आमच्या आचलचं नाव पेपरात येते.

"मंगली? … हं. … हं. … नाई, मी आयकून राह्यली, तू बोल."

बोल म्हणाली खरी, पण तिला एका जागी उभं राहवेना. स्वयंपाकघरातून ओसरीवर, ओसरीवरून परत. उगाच तिनं झाकलेला भात उघडला आणि पुन्हा झाकला.

"अवं ऐक ना… ऐक ना दीपिका! पण मले काऊन विचारतेस? मी आचलची माय हाय! … मॅनेजर तू न? मंग तू ठरव. … कोण काय म्हणन? … मंगली तुमच्या समाजाची, तुमच्या भागातली, म्हणून दीपिकानं… असं कोण म्हणन? … हं. म्हणतीन. हो, म्हणतीन लोक. … म्हंजे तुले तुझाच भरोसा नाई, म्हणून फोन माह्याकडं. बरी सापडली मी तुले!"

ती ओसरीच्या पायरीवर बसली, लगेच उठली.

"आता माहं आयक. पॉइंटच नाई केले त जिंकतीन कशा? शेवटल्या मिनिटाले बाकीच्या पोरी हातात बॉल आला की निखारा आल्यासारख्या फेकून देऊन राह्यल्या होत्या. आचलनं हिंमत केली. मारला तिनं. … हो, पास मंगलीचा होता, मी पाह्यलं न. सारी गल्ली पाहून राह्यली होती माह्या मोबाईलवर. … ते बी पाह्यलं. … हो वं, अकरा नंबरवाली. पाह्यलं."

पाहिलं होतंच. समोरच्या संघाची ती अकरा नंबरची उंच मुलगी आदल्या दिवशी एकतीस पॉइंट करून गेली होती. काल सहाच्या वर सरकली नाही, कारण मंगलीनं तिच्या हातात बॉलच येऊ दिला नाही. तिसऱ्या क्वार्टरला तिचं कोपर लागून मंगलीची हनुवटी फुटली. पट्टी चिकटवून पोरगी परत उतरली, टाके सामना संपल्यावर पडले.

"कागदावर किती हाय तिचे? … चार. फक्त चार. … बरोबर हाय न, जो पॉइंट झालाच नाई, तो कोण कुठी लिहिते?"

बोलून गेली आणि आपलंच वाक्य तिला टोचलं.

"नाई, नाई! लिहू नको. मी अजून कोणाचं नाव नाई घेतलं. पेन ठेव खाली. … हो, मले माहीत हाय. रेल्वेवाले नोकरीच्या ट्रायलले बोलावताना असं बक्षीस पाह्यतात. … मंगलीच्या घरचं तू मले नको सांगू, तेंदूपत्त्याच्या दिवसात तिच्या मायसंगं मी राहून आली. पण गरज पाहून बक्षीस देतात काय? ते त दान झालं. दान नको देऊ त्या पोरीले. खेळ पाहून देत असशीन त दे. … म्हंजे? म्हंजे काय, मले का माहीत… किती वाजले? … सोळा मिनिटं हाय अजून. … हॅलो? दीपिका? … कोण?"

आवाज बदलला होता.

"आचल? … तू कुठी होतीस? … तिथीच? कवापासून? … हो माय, तुझेच पॉइंट. … हो, पहाटे पाचले उठून पाचशे शॉट. मीच मोजत होती न? … असं नाई म्हणाली मी. … अवं ऐक ना… ओरडू नको, ऐक ना… काय? काय म्हणालीस?"

यावेळी भागीरथा पायरीवर बसली ती बसलीच.

आचलनं विचारलं होतं: आई, तुला मिळालं होतं तेव्हा तू परत केलं होतंस?

घरातल्या लोखंडी कपाटावर तो कप होता. राष्ट्रीय स्पर्धा, सर्वोत्तम खेळाडू, खाली भागीरथाचं नाव. आचल लहानपणी त्यात चिंचोके ठेवायची.

"नाई केलं परत. … घेतलं. … हो, माहीत होतं मले. तवाच माहीत होतं. ज्या पोरीले कोणी आवरू शकत नव्हतं, तिले दीपिकानं बांधून ठेवलं. अन् कप मी घेऊन आली. पुढच्या वर्षी कॅम्पले मले बोलावलं, दीपिकाले नाई बोलावलं. तिचा खेळ तिथीच संपला. मी एका शब्दानं नाई बोलली कोणाले. तिले बी नाई. … काय? स्पीकरवर हाय? … कवापासून स्पीकरवर हाय?"

शालिकराम उठून ओसरीजवळ आला होता. तिनं त्याच्याकडं पाठ फिरवली.

"दीपिका… आयकलं न तू? … बोल न काई. … बरं. नको बोलू."

पलीकडं कुठंतरी खुर्च्या सरकवल्याचा आवाज येत होता. कुणीतरी नाक ओढलं. आचल की दीपिका, ते कळलं नाही.

"आचल, हे पाह्य. तू माह्यापेक्षा चांगली खेळतेस, खरं सांगून राह्यली. पण कालचा सामना मंगलीनं काढला. … हो, मायच सांगून राह्यली. दुसऱ्या कोणी सांगतलं असतं, त तू त्याले खोटं पाडलं असतंस. … आचल? … कुठी गेली? … जाऊ दे. दीपिका, मंगलीचं लिह. … पूर्ण नाव लिह, मंगली झिंगू कुमरे. बापाचं नाव सुटू नको देऊ. अन् कोणी बोट दाखवलंच त सांगजो, आचलच्या मायनं सांगतलं म्हणून. … कोण रडून राह्यलं? … मंगली? नको म्हणते? तिले दे बरं फोन."

"मंगली. … नाई. तू कोणाचं काई हिसकावलं नाई. … नाई म्हणते न! … आचलचं मी पाह्यते. … टाक्याले पाणी लागू देऊ नको. जाय, कपडे बदल."

शालिकरामनं भुवया उंचावल्या. भागीरथानं नुसती मान डोलावली. तो जाळ्याशी जाऊन बसला, पण सुई तशीच हातात धरून राहिला.

"गेलं नाव? … दोन सत्तावीस. … बरं झालं. … नाई, मी ठीक हाय. दीपिका, तू इकडं आलीस की घरी ये. दोन दिवस राहाले ये. … हो. … आता आचलले दे. … घेत नाई? मंग तिच्या कानाले लाव."

भागीरथानं फोन दुसऱ्या कानाला धरला.

"आचल, राग माह्यावर कर. पाहिजे तितले दिवस कर. मंगलीवर नको करू. उद्या एकाच विमानात, शेजारी शेजारी बसून यायचं हाय तुमाले. … काय? … मोठ्यानं बोल न, आयकू नाई आलं. … खिडकी? तिले खिडकी देणार नाई म्हणतेस?"

 पदरानं तोंड पुसून ती पुन्हा बोलली.

"नको देऊ. तिले नको देऊ, खिडकी तूच घे. … हो. नागपूर येतपर्यंत तूच बस खिडकीपाशी. … हॅलो? … आचल? … हॅलो?"

आचलनं फोन ठेवून दिला होता.