दिलीपकाकांचा सिंह

अमेरिकेतल्या पार्सिपनीच्या दिलीपकाकांनी सिंह कसा पाहिला, हे तुम्ही त्यांच्याकडून ऐकलं असेल, तर आता माझ्याकडूनही ऐका.

काका केनियाची सफारी करून आले आणि त्यांनी आम्हा सगळ्यांना घरी बोलावून कॅमकॉर्डर टीव्हीला जोडला. आवाज मात्र बंद ठेवला. "इंजिनची घरघर फार आहे, मीच सांगतो," म्हणाले. मग दोन तास तेच सांगत होते. मुलं खेळतील म्हणून रिमोट त्यांनी माझ्याकडे दिला, कारण मी कधी काही करत नाही.

शेवटी सिंह आला. तो गवतात आडवा पडला होता, पण चित्र गदागदा हलत होतं.

"दहा फुटांवर होता! ड्रायव्हर टरकला, मी नाही," काका म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "नाहीतर ही! नाव विचारलं तरी आईच्या मागे लपते. अगं, जरा डेअरिंग कर. दोन वाक्यं बोलून दाखव बघू सगळ्यांसमोर."

सगळे हसले, आईसुद्धा. माझे कान तापले. तोंडातून शब्द फुटेना, म्हणून मी आवाजाचं बटण दाबलं.

"अरे, गाडी मागे घे! मागे घे रे बाबा! आई गं, मेलो!" टीव्हीतले काका केनियन ड्रायव्हरवर मराठीत ओरडत होते. पाठोपाठ काकूंचा शांत आवाज आला, "अहो, झोपलाय तो. चकली देऊ का तुम्हाला?"

त्यानंतर काका गप्प बसले. मीही गप्पच होते, पण मला सवय आहे.