बदललं तरच बोलणार!

...आणि वर म्हणतात, डोळा म्हणजे कॅमेरा! कॅमेरा कसला कपाळाचा? तुम्हाला सांगतो, जर्मनीत ग्योटिंगेनच्या आमच्या प्रयोगशाळेत बेडकाच्या डोळ्यातला पडदा बशीत जिवंत ठेवायचा, त्यातल्या एका पेशीला तार टेकवायची, तारेला स्पीकर... आणि काळोखात ऐकत बसायचं! जन्म गेला हो माझा यात! पण 'समोर उजेड आहे' असं सरळ सांगेल तर ती पेशी कसली! दिवा लावला की टर्रर्र... संपलं! दिवा चालू, बाई गप्प! काही बदललं तरच बोलणार! मेंदूकडे चित्र जातच नाही, नुसत्या चहाड्या जातात... कड सरकली, सावली आली! जागच्या जागी असणाऱ्याला विचारतो कोण?

आमच्या प्रोफेसर ब्रेनेकेबाई त्याच जातीच्या! मी रोज 'सुप्रभात' म्हणणार, त्या माझ्या डोक्यावरून घड्याळ बघणार. का? मी रोज तोच ना! काही बदललं तरच बोलणार! इकडे माझा करार संपत आलेला. आमची उटे, प्रयोगाची सगळी तयारी तीच करते, ती म्हणाली, "डेटलेफ, एक तरी चांगली पेशी ऐकव त्यांना, नाहीतर निघालास बघ घरी!"

आणि मिळाली हो! काय पेशी! बशीवर उजेडाची रेघ उजवीकडे सरकवली की टर्रर्र, डावीकडे नेली की तोंडाला कुलूप! म्हटलं, डेटलेफ, तरलास! उटेला पिटाळलं बाईंना आणायला, 'आत येताना आधी काळा पडदा ओढा' असं दहादा बजावून... आणि बाईंनी दार सताड उघडलं! बाहेरचा झगझगीत उजेड थेट बशीत! अंधाराला सरावलेली ती पेशी एकदा किंचाळली... आणि कायमची गप्प. बाई आपल्या कान टवकारून उभ्या. "कुठे काय? मला तर काहीच ऐकू येत नाही!"

गेला करार! त्यात आमच्याकडे निरोपाचा केकसुद्धा जाणाऱ्यानेच आणायचा! आणला, आलुबुखाऱ्यांचा, घरी भाजून. बाईंनी दोन तुकडे हाणले. "वा! वाढदिवस कुणाचा?" रडू आलं हो मला! म्हटलं, "कुणाचा नाही." पिशवी उचलली, खुर्ची आत सारली, जिन्यापर्यंत पोचतोय तोच मागून बाईंचा आवाज... "उटे, त्या कोपऱ्यात कुणीतरी बसायचं ना? रिकामं रिकामं वाटतंय!"

दिवा असेपर्यंत गप्प आणि विझला की टर्रर्र, अशाही पेशी असतात डोळ्यात.