डाव्या पायातला बूट

(मार्चमधली उन्हाची दुपार. डोलोमाइट डोंगरात, स्की करायच्या बर्फाच्या उताराच्या पायथ्याशी एक खाणावळ. बाहेरच्या लाकडी टेबलाशी तिघं जेवायला बसलेत.)

नीवेस : आणि हा रंग कोणी निवडला? घसा धरल्यावर चघळायच्या गोळ्या असतात, तसला रंग आहे हा.

मरिलीझा : नमुन्याचा बूट आहे, मावशी. कारखान्यात जे प्लास्टिक उरलं होतं, त्यात ओतला. रंगाचं सोडा. बूट कसा आहे?

नीवेस : बूट बुटासारखा आहे.

ओलिंदो : झालं! सकाळपासून डोंगर वर-खाली करून बाईंनी शोध लावला. बूट बुटासारखा आहे. मरिलीझा, कळव कारखान्यात.

मरिलीझा : काका, थट्टा पुरे हं. दोन वाजता तुमचा निकाल विचारायला मालकांचा फोन येणार आहे.

नीवेस : येऊ दे की. ताटातला हा मक्याचा पोलेंटा संपल्यावर काय ते सांगेन. उपाशीपोटी मी कुठल्याच बुटाला चांगलं म्हटलेलं नाही.

ओलिंदो : भरल्यापोटी तरी कधी म्हटलंस? तू शर्यतीत उतरायचीस तेव्हापासून तुझ्या स्कीच्या कडा मी घासतोय. तुझ्या तोंडून बुटाची स्तुती मी एकदाच ऐकली. तेव्हा तो बूट तू तुझ्या नणंदेला विकत होतीस.

नीवेस : विकायच्या वस्तूची स्तुती करावीच लागते. तू तुझ्या गाडीची करतोस की नाही?

ओलिंदो : माझी गाडी चांगलीच आहे.

नीवेस : हो ना. म्हणून आज आपण मरिलीझाच्या गाडीतून आलो.

मरिलीझा : मावशी, मला हसायला येत नाहीये. तुम्ही हो म्हणालात, तर उद्या पोलादी साचा कापायला घेतील. एकदा साचा कापला की मालकसुद्धा मागे फिरू शकत नाहीत. आणि तुम्ही नाही म्हणालात, तर दर वर्षीचंच. पुरुषांचा बूट घ्यायचा, लहान करायचा, जांभळा रंगवायचा आणि बाजूला एक फूल काढायचं. झाला बायकांचा बूट.

नीवेस : ते फूल कोण काढतं?

मरिलीझा : मी. बुटांचे आराखडे काढणारी मीच, तर फूलही आजवर मीच काढत आले. यंदा मालकांना तोंडावर सांगितलंय, पुरुषाच्या बुटावर आता एकही फूल काढणार नाही. चष्म्याच्या कारखान्यात जागा आहे. मी विचारून ठेवलंय.

नीवेस : चष्म्याच्या? तू, इर्माची पोरगी, चष्मे काढणार?

ओलिंदो : बरं आहे की. बाईचं नाक वेगळं असतं हे तिकडच्या मालकाला पटवावं तरी लागणार नाही.

नीवेस : तू गप्प बस आणि ते चीज इकडे सरकव. पोरी, ऐक मग. तुझं हे बकल. एका बोटाने लागतं. बायकांच्या बोटात जोर नसतो असं वाटलं का तुला?

मरिलीझा : नाही. उताराच्या तळाशी बघा ना, कोण वाकलेलं असतं ते. एका काखेत पोराच्या स्की, दातात हातमोजा, आणि उरलेल्या हाताने आधी पोराचं बकल, मग स्वतःचं. म्हणून एका बोटाने.

नीवेस : हं. आणि हलका किती आहे! हलक्या बुटावर माझा विश्वास बसत नाही. पायात काही आहे असं वाटतच नाही.

ओलिंदो : ही तक्रार आहे का ग?

नीवेस : तक्रारच आहे. पायात काय घातलंय ते माणसाला कळायला नको?

मरिलीझा : उजव्या पायात कळतंय ना?

नीवेस : उजव्यात काय, तुझा गेल्या वर्षीचा फुलवाला आहे. तो न कळून सांगतो कोणाला! पोटरीत दात रुतवून बसलाय सकाळपासून.

ओलिंदो : म्हणून तर ही पद्धत बरी. एका पायात नवा, एका पायात जुना. दोन्ही पाय एकमेकांच्या चहाड्या सांगतात. माणूस खोटं बोलला तरी पाय बोलत नाहीत.

नीवेस : माझे पाय तुझ्याशी काय बोलले?

ओलिंदो : खूप काही. तू उतरत होतीस तेव्हा मी खाली दुर्बीण घेऊन उभा होतो. उजवीकडे वळताना भार कुठल्या पायावर येतो?

नीवेस : आता मला शिकव तू.

ओलिंदो : डाव्यावर. म्हणजे नव्या बुटावर. बघ त्या तुझ्या खुणा, अजून दिसतायत बर्फात. उजवीकडची वळणं कशी आहेत? सफरचंदाची साल एका लांब पट्टीत उतरावी तशी. आणि डावीकडची? बटाटा सोलताना सुरी बोथट निघाली तशी.

नीवेस : डावीकडे बर्फ मऊ झाला होता.

ओलिंदो : बर्फाला काय ठाऊक तू कुठे वळणार आहेस ते?

मरिलीझा : मावशी, खरंच तसं वाटलं? टाच उचलली जात नव्हती ना? मी टाचेची जागा अरुंद केलीय. आणि मागची बाजू खाली घेऊन वरून जरा फाकवलीय. बायकांची पोटरी खालीच भरते, म्हणून.

नीवेस : हे तुला कोणी सांगितलं?

मरिलीझा : चर्चमध्ये गाणाऱ्या आमच्या बायकांनी. तालमीच्या आधी एकेकीला खुर्चीवर बसवलं आणि टेप घेऊन पोटऱ्या मोजल्या. पाद्रीबाबा दारातूनच मागे फिरले.

ओलिंदो : अरेरे. ज्या वर्षी मी गाणं सोडलं नेमकं त्याच वर्षी!

नीवेस : तुझ्या पोटऱ्या कोणी मोजल्या नसत्या, ओलिंदो. पोरी, पाणी दे जरा.

ओलिंदो : थांबा, दोघीही गप्प. कान द्या. त्या तिघी आल्या ना आत्ता, लाल टोपीवाली आणि तिच्या मैत्रिणी... ऐका.

मरिलीझा : खट. खट. खट, खट.

ओलिंदो : अजून बुडं टेकली नाहीत, पण बकलं उघडली. काय खायचं ते मागाहून बघतील.

मरिलीझा : मला तो आवाज नको वाटतो, काका. कुठल्याही खाणावळीत बसले की माझे कान टेबलाखाली असतात. आपला बूट कोणाच्या पायात दिसला की मोजत बसते, किती वेळ सोसतात ते. कोणी सूप येईपर्यंतही थांबत नाही.

ओलिंदो : अरे, माझा काटा पडला वाटतं खाली. मरिलीझा, तुझी कंबर अजून शाबूत आहे. वाक जरा.

मरिलीझा : काटा तर तुमच्या हातात आहे.

ओलिंदो : तू वाक तर खरं.

नीवेस : ए! टेबलाखाली काय आहे बघण्यासारखं?

ओलिंदो : काय दिसतंय?

मरिलीझा : उजवा उघडा आहे. सगळी बकलं सोडलीत. बुटाची जीभसुद्धा बाहेर ओढलीय.

ओलिंदो : आणि डावा?

मरिलीझा : बंद आहे.

ओलिंदो : मोठ्याने सांग, मालकांना ऐकू जाईल असं.

मरिलीझा : डावा बंद आहे. वरपासून खालपर्यंत.

नीवेस : विसरले असेन.

ओलिंदो : बुटाचं बकल सोडायला? तू? बक्षीस समारंभाला बूट काढून नुसत्या मोज्यांवर स्टेजवर चढलेली बाई तू! सूप झालं, पोलेंटा अर्धा झाला, इतका वेळ डावा पाय घरी बसल्यासारखा बसलाय, आणि बाई वर तोंडाने रंगाला नावं ठेवतायत.

मरिलीझा : मावशी, मग सकाळपासून असं का बोलताय? मला वाटलं, संपलं सगळं. वरून येताना मनातल्या मनात चष्मेवाल्यांना काय सांगायचं तेसुद्धा ठरवलं मी.

नीवेस : रडू नकोस. रडलीस तर एक शब्द बोलणार नाही.

मरिलीझा : रडत नाहीये. ऊन आहे डोळ्यांवर.

नीवेस : ऐक. तुझी आई कारखान्यात बुटाच्या आतला मऊ मोजा शिवायची, हे तुला ठाऊकच आहे. ती कधी बर्फावर उभी राहिली नाही. वळण कशाला म्हणतात तिला माहीत नव्हतं. मी एकोणीस वर्षांची. आम्हा मुलींच्या संघाला मुलांचे उरलेले बूट देत. टाच आत अशी हलायची, जशी बादलीत काठी. मोजा काढला की रक्त. आमचा शिक्षक म्हणायचा, सवय होईल. एक दिवस कारखान्यात बूट बदलायला गेले, तर तुझी आई शिलाईवरून उठली, माझा पाय मांडीवर घेतला आणि टाचेवरून अंगठा फिरवला. मग म्हणाली, “हा बूट तुझ्यासाठी नाहीच केलेला, मग तो बसेल कसा?” तोवर मला वाटत होतं, माझाच पाय चुकीचा आहे.

ओलिंदो : मला आठवतंय. लोकरीचा नमदा लावून नवा मोजा शिवून दिला होता तिने. घरी नेऊन, रात्री.

नीवेस : त्या मोज्यावर मी त्या वर्षीच्या शर्यतीत चौथी आले. चौथ्या नंबराला कोणी काही देत नाही. पण माझ्या पायाची बोटं सगळी जागेवर आहेत, आणि ती इर्माने ठेवलेली आहेत. आता सांग, तिच्या मुलीचा बूट पायात घालून मी काय करायचं? उपकार डोक्यावर असले की कुठलाही बूट बसतो, पोरी. म्हणून सकाळपासून खोडी शोधत होते. रंग, बकल, वजन, जे हाताला लागेल ते. इर्मासाठी हो म्हटलं असतं, तर दुकानात विकत घेणाऱ्या बाईला काय? ती थोडीच इर्माची कोणी लागते.

मरिलीझा : आणि सापडली का खोडी?

नीवेस : सापडली. एक खरी आहे. बूट चढवताना. पायाच्या वरच्या हाडावर जिभेची कड घासते. सकाळी थंडीत प्लास्टिक कडक असतं तेव्हा माझ्या वयाची बाई पाय आत घालताना आईबापांना हाका मारेल. एकदा पाय आत गेला की मग काही नाही. पण आत जायला तर हवा.

मरिलीझा : तिथे मी मऊ प्लास्टिक देऊ शकते. जीभ बाजूला वळेल अशी करते. साच्याला हात लावायला नको. आजच काढते.

नीवेस : बघ ओलिंदो, ही नवऱ्याच्या चुका सांगितल्यावर बायका खुलतात तशी खुलली.

मरिलीझा : खुलणारच. मावशी, तुम्हाला एक सांगू? बाकीचे परीक्षक म्हणायचे, छान आहे, चालेल, बायकांना आवडेल. तुम्ही एकट्या येऊन शिव्या द्यायचात. टाच, पोटरी, गारठलेली बोटं. मालक म्हणायचे, म्हातारी कुरकुरते. मी मात्र घरी जाऊन तुमची प्रत्येक शिवी कागदावर काढायचे. हा बूट म्हणजे त्याच आहेत सगळ्या. तुम्ही एखाद वर्षी जरी सभ्यपणे बोलला असतात ना, तर माझ्याकडे काढायला काही उरलं नसतं.

नीवेस : ऊन तुझ्याच डोळ्यांवर होतं ना? आता माझ्याकडे का वळलं?

ओलिंदो : फोन वाजतोय. मालकच. हॅलो... हो, बसलोय... हो, उतरली ना, चांगली दहा-बारा वेळा... नाही, पडली नाही, ती कशाला पडते... इथेच आहे. नीवेस, मालक म्हणतायत, एका शब्दात सांगा. हो की नाही?

नीवेस : त्यांना विचार, त्यांनी हा एकच बूट का ओतला?

ओलिंदो : मालक, ती विचारतेय, एकच का... बरं. म्हणतायत, नापसंत झाला तर उजव्याचं प्लास्टिक तरी वाचेल म्हणून.

नीवेस : मग सांग त्यांना, नीवेसला दोन पाय आहेत.