अन्सारचं पदक

नानासाहेब : पदक नाही हे, वहाब. नाणं आहे. सोन्याचं. रोमच्या बादशहाचं, अठराशे-एकोणीसशे वर्षांपूर्वीचं.

वहाब : पदक नाय ते मला ठावं हाय, मास्तर. पैठणच्या वाटंवर, बिडकीनच्या पल्याड मोर्च्याचा चर खंदताना अन्सारच्या फावड्याला लागलं. मी बाजूलाच व्हतो.

नानासाहेब : पोलीस अ‍ॅक्शनच्या वेळी?

वहाब : व्हय. आमी दोघं निजामाच्या फौजेत. हिंदुस्तानी फौज आली, पन आमाला गोळी झाडायचा हुकूमच नाय आला. हत्यारं ठिवा म्हनले, ठिवली. मंग कॅम्पात अन्सारला ताप भरला. जीव जाताना बुटातलं हे काढून दिलं, अम्मीला दे म्हनला.

नानासाहेब : दिलंस ना?

वहाब : दिलं. जैतुनबीनं डोळ्याला लावलं अन् म्हनली, हुजूरनं माझ्या पोराला पदक दिलं. मी काय बोलनार? आता तिची नजर गेलीय. रोज बोटानं चाचपती, काय लिवलंय ते वाचून आन म्हनती. तुमी शाळंत तवारीख शिकवायचा, म्हून आलो.

नानासाहेब : लिहिलंय, 'फौजांचं इमान'. हे बघ, एकमेकांत धरलेले दोन हात.

वहाब : अन् राह्यली का फौज, त्या बादशहासंगं?

नानासाहेब : वर्षभरही नाही. एका फौजेनं गादीवर बसवला, दुसरीनं मारला. इमान डळमळत होतं, म्हणूनच छापलं असेल. सैनिकांचा पगार अशाच नाण्यांत व्हायचा.

वहाब : आमचाबी हुजूरच्या सिक्क्यातच व्हता. आमाला लढा म्हनलं नाय कुनी, अन् घरी जा म्हनायलाबी कुनी आलं नाय.

नानासाहेब : (भिंग खाली ठेवत) खरं तर हे सरकारात द्यायला हवं.

वहाब : देऊ. तिच्या माघारी देऊ. आज तुमी संगं चला, तिला वाचून दावा. माझ्यानं आता बोलवत नाय.

नानासाहेब : मी खोटं सांगणार नाही, वहाब.

वहाब : नका सांगू. लिवलंय तेवढंच वाचा.

नानासाहेब : आणि कुठल्या बादशहाचं, असं तिनं विचारलं तर?

वहाब : बादशहाचं ती काय बी विचारत नाय. अन्सार भ्याला व्हता का, येवढंच विचारती.

नानासाहेब : मग काय सांगतोस?

वहाब : खरं हाय ते. मोर्च्यात आमी दोघंबी लई भ्यालो व्हतो.

नानासाहेब : त्यावर काय म्हणते?

वहाब : म्हनती, बरं झालं. एकटा नव्हता.