माझ्या बायकोचा ‘का’ कुणी कापला?

नाही, पण मी म्हणतो, कापायचंच होतं तर दुसरं काही कापायचं ना! माझं टक्कल कापा, दोरीवरची बनियन कापा... नाही! यांनी काय कापलं? तर ‘का’! एक ‘का’ कापला हो, आणि आमच्या घराचं वाटोळं झालं!

तुम्हाला सांगतो, आम्ही झाशीचे. खंडेराव गेटपाशी घर. पिढ्या गेल्या इथे, तेव्हा आमची मराठी अशीच, अर्धी घरची, अर्धी बाजारची, सांभाळून घ्या. तर झालं काय, आमच्या हिचं, कांचनचं, कानातलं न्हाणीत पडलं. सोन्याचं! आमच्या लग्नातलं! पाणी ओतलं नि ते सरळ नालीत गेलं, असं हिचं म्हणणं. मी हल्केला बोलावलं. हल्के म्हणजे आमचा प्लंबर. त्याने अंगणातली फरशी उचलली, खणलं, पाइपात हात घातला. वरून गच्चीतून ही ओरडते, “अहोऽऽ, सोनं सापडलं का?” खालून हल्के ओरडतो, “मिल गया! मिल गया!” काय मिल गया? चमचा! स्टीलचा! कोण जाणे कधी गेलेला!

आता समोरच्या गच्चीत कोण? सलील! आमच्या केशवरावांचा मुलगा. नोकरी? छे! त्याचं चॅनेल आहे. ‘भडभड न्यूज’! मोबाइल आमच्या अंगणावर रोखलेला. मला वाटलं, पतंगाचं शूटिंग करतोय.

संध्याकाळी मेव्हण्याचा गरौठ्याहून फोन. “भाऊजी, आम्हाला परकं केलंत ना?” म्हटलं, दत्तात्रेया, काय झालं? म्हणे व्हिडिओ बघा. बघतो तर काय... माझं तोंड! आ वासलेलं! अहो, जांभई देत होतो मी! शेजारी मोहरांनी भरलेला हंडा, तो कुठला कोण जाणे! हल्केच्या हातातल्या चमच्याभोवती लाल गोल आणि एक हा एवढा लाल बाण, थेट तुळशीकडे! आणि आमची ही ओरडते, “सोनं सापडलं!” बस्स! ‘का’ गायब! खाली हिंदीत अक्षरं, ‘सोना मिल गया!’ पाठोपाठ हल्के, “मिल गया! मिल गया!”

एक ‘का’ कापला हो, एक ‘का’!

आणि कानातलं? ते दुसऱ्या दिवशी टॉवेलच्या धाग्यात अडकलेलं सापडलं. पण त्याचा व्हिडिओ कोण बघणार? टॉवेल कोण बघतं?

गेलो सलीलकडे. म्हटलं, अरे, परक्याने केलं असतं तर समजलो असतो, त्याला मराठी कळत नाही. तुला कळते! हिच्या हातच्या पुरणपोळ्या खाऊन वाढलास तू! तर मान वर न करता म्हणतो, “काकाजी, मराठी समझ में आती है, इसीलिए तो काटा. ‘का’ रखता तो देखता कौन?”

घ्या! गुन्हा कबूल, वर तोंड करून! म्हणे, “आप ट्रेंडिंग में हो, एंजॉय कीजिए.” काय एंजॉय करू? दारात माणसं! एरचहून एक जण आला, हातात लिंबू घेऊन. म्हणे, “बाबूजी, लिंबू घूमेगा तो बता देंगे कहाँ गड़ा है.” लिंबू फिरलं नाही, माझं डोकं फिरलं!

मग मी तक्रार केली. व्हिडिओच्या खाली बटण असतं ना, ते दाबलं. आणखी दाबलं. त्या कंपनीत माणूस आहे की नाही, देव जाणे! उत्तर लगेच, “धन्यवाद, हा व्हिडिओ आमच्या नियमांत बसतो.” म्हणजे माझं अंगण यांच्या नियमांत बसतं, मी नाही बसत! आणि पुन्हा तोच व्हिडिओ उघडला तर आधी जाहिरात कसली? जमिनीतलं सोनं शोधायच्या यंत्राची! माझ्याच अंगणावर मलाच यंत्र विकताय, हरामखोरांनो?

सलील म्हणाला, खुलासा करा. केला. हात जोडून बोललो, खजाना नहीं है भाई! त्याने नाव काय दिलं? ‘आख़िर क्या छुपा रहे हैं अनंतराव?’

एक ‘का’ कापला हो...

मग दत्तात्रेयाच्या नातवाची मुंज आली. आम्ही दोघं गरौठ्याला गेलो. तिथे सगळे हिच्या कानांकडे बघताहेत, गळ्याकडे बघताहेत. ही जेवलीसुद्धा नाही धड. परत आलो, दार उघडलं, तर...

तुळस नाही. वृंदावन फोडून बाजूला टाकलेलं. मागची भिंत चढून आले होते कुणी. जिथे बाण होता ना सलीलचा, बरोब्बर तिथे खड्डा. लग्न होऊन आली तेव्हा माहेरच्या मंजिऱ्या पदराला बांधून आणल्या होत्या हिने. एक रोप सुकलं की त्याच मंजिऱ्यांचं दुसरं लावायची. ती मातीत बसली. ओरडेल, रडेल म्हटलं... नाही हो. नुसती मुळं गोळा करत होती.

तेवढ्यात सलील! माईक घेऊन! “काकीजी, कैसा लग रहा है आपको?”

ती उठली. शांतपणे त्याच्या हातातला माईक घेतला. मला वाटलं, बोलणार. तिने तो उघड्या नालीत सोडला. बुडुक! आणि म्हणाली, “हे बघ, हे पण कापून दाखव.”

टाळ्या वाजवल्या मी! पण व्हिडिओ? आलाच! ‘ख़ज़ाने की मालकिन का हमला’! कापलं त्याने. काय वाटेल ते कापतात हे!

पोलिसांत गेलो. शिपाई म्हणाला, “चोरी क्या हुआ?” म्हटलं, तुळस. तो लिहायचा थांबला, इकडेतिकडे बघितलं आणि हळूच विचारतो, “बाबूजी, हमसे क्या छुपाना... थोड़ा-बहुत तो निकला होगा?”

आता हिचं ऐका. त्या दिवसापासून ही मोबाइल घेऊन बसते. म्हटलं, दुखावली आहे, रमू दे जरा. पण बघते काय? गढीत गुप्तधन, शेतात हंडा, विहिरीत मोहरा! एक संपला की दुसरा आपोआप. तो मोबाइल थांबतो कुठे?

काल संध्याकाळी चहा झाला. ही खड्ड्याकडे बघत बसलेली. म्हटलं, अगं, कुंडीत नवं रोप लावू. तर म्हणते, “अहो... एवढी भिंत चढून लोक आले. काही माहीत असल्याशिवाय कुणी येतं? खड्डा आयता आहेच... आणखी हातभर खणून बघू या.”

तुम्हाला सांगतो, मी संतापलो! म्हटलं, कांचन, तू? तूसुद्धा? अगं, ओरडली होतीस ती तूच ना?

“तरी पण,” म्हणाली.

आता याला काय म्हणणार? आयुष्य काढायचंय हिच्याबरोबर. कुदळ आणायला उठलो... आणि जाताना, खोटं कशाला सांगू, आधी दाराला आतून कडी घातली.